आठच्या आत सुटणारे बिघाड

गेल्या महिन्यात आमच्या सावेडीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझा सत्कार केला. शाल आली, नारळ आला आणि अध्यक्षांचं भाषण आलं. ते म्हणाले, "सुनेला लेक मानतो असं सगळेच म्हणतात. यांनी करून दाखवलं. नेटवर्किंगची ती प्रात्यक्षिक परीक्षा, जिथे भलेभले इंजिनियर गारद होतात, ती यांनी सुनेला घरी शिकवून पास करवली." टाळ्या झाल्या. मी उठलो आणि खरं ते सांगितलं. म्हणालो, "माझ्या शिकवण्याने ती पास झालेली नाही. माझ्या शिकवण्याने ती पहिल्यांदा नापास झाली." सभागृह हसलं. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवर म्हणाले, "बघा मंडळी, मोठेपणा म्हणतात तो हा." मग बटाटेवडे आले.

सूनबाई तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोशेजारी बसली होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. शांतपणे वडा खात होती.

तेव्हापासून भाजी आणायला निघालो तरी कोणीतरी थांबवतं. "आमच्या नातवालाही घ्या की हाताखाली." मी नाही म्हणतो, तर त्यालाही लोक विनय समजतात. चुकीची स्तुती परत करायलाही जोर लागतो, आणि सत्तरीनंतर तो फार वेळ टिकत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकतो. वाचणाऱ्याने हसू नये, एवढंच.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली. फोन बंद पडला की दोष शोधायची एक रीत होती. तारेचं एक टोक एक्स्चेंजमध्ये, दुसरं गिऱ्हाइकाच्या घरात. एका टोकापासून तपासत सुटलं तर दिवस जातो. म्हणून रस्त्याकडेच्या मधल्या पेटीपाशी जायचं आणि तिथे आपला हँडसेट लावून ऐकायचं. आवाज आला तर मागची बाजू चांगली, दोष पुढे. नाही आला तर दोष मागे. मग राहिलेल्या अर्ध्याचा परत अर्धा. असं करत माणूस नेमक्या खांबापाशी पोचतो. पोचेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, कारण हात लावला की मूळचा दोष कुठला आणि आपण केलेला कुठला हे कळेनासं होतं. हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो आणि ते मला नीट येत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कोणाला वाटायला नको.

पण त्याच नोकरीत मी आणखी एक गोष्ट शिकलो. संध्याकाळच्या आत तक्रार मिटली पाहिजे. माझ्या एका साहेबांना दोष सापडला की नाही याच्याशी कर्तव्य नसे, तक्रार शिल्लक राहिली नाही एवढं त्यांना हवं असे. केबलमध्ये तारांच्या काही जोड्या रिकाम्या असत. गिऱ्हाइकाचा फोन त्यातल्या एकीवर टाकला की तो वाजायला लागे. गिऱ्हाईक खूष, साहेब खूष, दोष जमिनीत होता तिथेच. आणि कधी कधी तेही न करता नुसता शेरा मारायचा: तपासलं तेव्हा ठीक होतं. हा शेरा मारताना मला पुढे पुढे काही वाटेनासं झालं. एखादी गोष्ट दिवसभर मोडकी पडून राहिली आणि आपण तशीच सोडून जेवायला बसलो, हे मला सहन होत नसे. ती खरोखर दुरुस्त झाली का, हा प्रश्न मागे पडला.

निवृत्त झाल्यावर मी संगणकाचं जाळं कसं चालतं ते शिकलो आणि काही वर्षं नगरमधल्या एका खाजगी क्लासमध्ये त्याची तोंडओळख शिकवली. त्यामुळे आमच्या घरात मी या विषयातला जाणकार ठरलो.

सूनबाई जामखेडकडची. माहेरी कोरडवाहू शेती. नगरला राहून इंजिनियर झाली, आणि लग्नानंतर पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या घरातून करायला लागली. काम कसलं, तर पडद्यावर ठिकठिकाणच्या ऑफिसांचे दिवे हिरवे आहेत की लाल हे बघत बसायचं. लाल झाला की वरच्या माणसाला कळवायचं. दुरुस्ती तो करणार. तिची पाळी पहाटे सुरू व्हायची. एकदा चहा घेताना ती म्हणाली, "बाबा, मी बुजगावणं आहे. फरक एवढाच की बुजगावण्याला गजर लावावा लागत नाही."

या पाळीतून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे ती परीक्षा. ती पास झाली तर तिला जाळी उभारणाऱ्या गटात घेणार होते, दिवसाच्या कामावर, स्वतःच्या डोक्याच्या कामावर. नाहीतर दिवे मोजणं होतंच.

परीक्षेला बंगळूरला जावं लागतं. दिवसभराची असते. निबंध लिहायचे नसतात. समोर एक अख्खं जाळं ठेवतात आणि त्यातला काही भाग मुद्दाम बिघडवलेला असतो. शेजारी तक्रारी असतात: अमुक ऑफिसातून तमुक सर्व्हरपर्यंत पोच नाही, दुरुस्त करा. अमक्या गोष्टीला हात लावायचा नाही, अशाही अटी असतात. आणि घड्याळ चालू असतं.

माझा मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याने पुण्यातून वापरलेले राउटर आणि स्विच आणून वरच्या खोलीत मांडले. राउटर म्हणजे माहितीला पुढचा रस्ता दाखवणारं यंत्र, आणि स्विच म्हणजे एका जागेतली सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी. त्यांच्या पंख्यांचा आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत येई. माझी बायको म्हणायची, "गिरणी टाकलीय आमच्या पोरांनी, पीठ तेवढं निघत नाही."

बिघाड शोधण्याचा सराव एकट्याला करता येत नाही. आपणच लपवलेली वस्तू आपण शोधण्यात काही अर्थ नसतो. बिघडवणारा दुसरा कोणी लागतो. तो मी झालो. दुपारी ती जरा वेळ झोपायची, तेव्हा मी खालच्या खोलीत लॅपटॉपवरून त्या यंत्रांत शिरून तीन-चार ठिकाणी मोडतोड करून ठेवायचो. दोन राउटरांनी एकमेकांना ओळखायचा परवलीचा शब्द एका बाजूने बदलायचा. केबल लावायचं एखादं तोंड चुकीच्या गटात टाकायचं. कुठेतरी एक अडसराचा नियम घुसवायचा, की सगळं जाईल पण एकाच ऑफिसाचं अडेल. चारला ती उठायची, चहा घेऊन वर जायची आणि शोधायला लागायची. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून पुन्हा मूळ जागेवर आणायचं आणि नवीन मोडायचं.

सुरुवातीचे काही आठवडे चांगले गेले. मी तिला मधल्या पेटीची रीत सांगितली. तिला ती आवडली. "म्हणजे आधी बघायचं, ऐकायचं, आणि हात खिशात," ती म्हणाली.

आमच्याकडे जेवण आठला. मला साखरेचा त्रास, गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. बायकोचे गुडघे गेलेले, ती बसून भाजी चिरून, कणीक मळून ठेवायची. पोळ्या सूनबाईने खाली येऊन करायच्या. हे असंच चाललं पाहिजे असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, आणि ते बदलावं असंही कोणी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा हात घातला ती संध्याकाळ मला आठवते. ती वर अडकली होती. साडेसात होऊन गेले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, गोळी घेऊन बसलात आणि ती पोर अजून वर. कोडं तुम्हीच घातलंय ना? मग तुम्हीच सोडवा की." ती थट्टेत म्हणाली होती. मी लॅपटॉप मांडीवर घेतला, आत शिरलो आणि माझा बिघाड गुपचूप काढून टाकला. क्षणभरात वरून आरोळी आली, "झालं!" ती धावत खाली आली. चेहरा लाल झालेला. "बाबा, त्या दुसऱ्या राउटरचा टायमर वाढवला आणि लगेच सुरू!"

टायमरचा त्या बिघाडाशी काही संबंध नव्हता.

मी म्हणालो, "शाब्बास."

मग ते होत गेलं. रोज नाही, पण सात-साडेसातला तिचं अडलेलं असलं की मी काढून टाकायचो. भूक किती, तिच्याविषयीची माया किती, आणि आपला शिष्य रोज यशस्वी होतोय हे बघायची हौस किती, याचे भाग मला आजही पाडता येत नाहीत. तिन्ही होतं. तिने त्या वेळी कुठेतरी काहीतरी बदललेलं असायचं, तेवढ्यात जाळं सुरू व्हायचं, आणि तिला वाटायचं याच बदलाने झालं. हळूहळू हात खिशातून बाहेर आला. अडलं की हे बदलून बघ, ते बदलून बघ. आठच्या आत काहीतरी लागू पडायचंच. मला ते दिसत होतं. तारांवर जन्म काढलेल्या माणसाला ते दिसणार नाही असं कसं होईल? पण रोज संध्याकाळी ती हसत खाली येत होती आणि पोळ्या गरम मिळत होत्या.

परीक्षा देऊन ती बंगळूरहून परत आली तेव्हा मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. तिने पिशवी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच धरून ठेवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाबा, पहिल्याच तक्रारीला मी एक बदल केला. नाही झालं. दुसरा केला. तिसरा केला. मग आधीचं चालू होतं तेही बंद पडलं. दुपारपर्यंत त्यांनी दिलेले बिघाड कुठले आणि माझे कुठले, तेच कळेना." थोड्या वेळाने म्हणाली, "घरी व्हायचं ना हो. घरी तर व्हायचं."

मी रिक्षावाल्याला प्रोफेसर कॉलनीकडून घे असं सांगितलं.

निकाल नापासचा आला. मुलगा म्हणाला, "जाऊ दे, नोकरी सांभाळून, घर सांभाळून नाही होत हे." बायको म्हणाली, "देवाच्या मनात नव्हतं." आणि जामखेडहून माझ्या विहीणबाईंचा फोन आला तो मी घेतला. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, पोरगी लई गप गप हाय. काय झालं वो नेमकं? अभ्यास कमी पडला का?"

त्या वेळी मी जे बोललो ते या सगळ्यात मला जास्त बोचतं. मी म्हणालो, "अभ्यास भरपूर होता. पण परीक्षेच्या वेळी गांगरते ती. हुशार आहे, स्वभाव पडतो मध्ये."

"व्हय, ल्हानपनापासनं भित्रीच हाय तशी," विहीणबाई म्हणाल्या. आईने असं म्हटलं की झालं. तो शब्द जामखेडला गेला, नात्यात फिरला आणि परत आमच्या घरात आला. मुलगाही म्हणायला लागला, ती गांगरते. काही दिवसांनी मी तिला फोनवर तिच्या मैत्रिणीला सांगताना ऐकलं: "नाही गं, मी परत देणार नाही. माझं होतं काय, मी ऐनवेळी गांगरते." दोष जागेवरच ठेवून भार शेजारच्या तारेवर टाकायचा, हे मी आयुष्यभर केलं होतं. या वेळी शेजारची तार म्हणजे ती होती.

वरच्या खोलीतल्या यंत्रांवर तिने जुनी चादर टाकली. दिवाळी आली, गेली. पहाटेची पाळी चालू होती.

उन्हाळा लागायच्या सुमारास तिच्या कंपनीतून विचारणा झाली. त्या गटात एक जागा होणार होती आणि पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर ते थांबायला तयार होते. पण फार दिवस नाही. ती जेवताना म्हणाली, "बाबा, आठवडाभर पुन्हा सराव करून बघू? मला फक्त एवढं बघायचंय, घरीसुद्धा गांगरते का."

मी हो म्हणालो. चादर काढली, धूळ झटकली, यंत्रं सुरू झाली. मी बिघाड घातले. आणि लाज वाटते लिहायला, पण पहिल्या अडलेल्या संध्याकाळी साडेसातनंतर माझा हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. मी स्वतःला काही विचारलंच नाही. काढून टाकलं. वरून "झालं" आलं, पण या वेळी आरोळी नव्हती. ती जरा उशिराने खाली आली आणि पोळ्या लाटायला बसली. लाटता लाटता म्हणाली, "बाबा, एक गंमत सांगू? मी आज एका पोर्टचं नाव बदललं. नुसतं नाव. बदललं आणि जाळं सुरू झालं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोर्ट म्हणजे यंत्रावरचं केबल लावायचं तोंड. त्याला आपल्या सोयीसाठी नाव देता येतं. डब्यावर 'हळद' लिहिलं काय आणि 'तिखट' लिहिलं काय, आतलं बदलत नाही. तसं ते.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

"होतं?" ती म्हणाली. तिने तव्यावरची पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अवघड बिघाड घातला. का घातला कोणास ठाऊक. संध्याकाळभर वरून कळफलकाचा आवाज येत नव्हता, नुसते पंखे. आठ वाजायला थोडा वेळ होता. बायकोने आतून विचारलं, "झालं का गं तुझं? कणीक तयार आहे." मी लॅपटॉप उघडला आणि बिघाड काढला.

आरोळी आली नाही. जिन्यावर पावलं आली. ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. लॅपटॉप अजून माझ्या मांडीवर उघडा होता.

"बाबा, मी काही केलं नाही."

"म्हणजे?"

"आज काहीच केलं नाही मी. चहा घेऊन वर गेले तेव्हापासून मांडीवर हात ठेवून बसलेय. आत्ता सुरू झालं."

माझ्या तोंडातून काय निघावं? मी म्हणालो, "असतं असं. तपासलं की ठीक असतं."

"बाबा, हा काय टेलिफोन आहे?"

बायको पदराला हात पुसत आली. "काय झालं? सुटलं ना? मग भांडताय कशाला?"

"सुटलं नाही आई, सोडवलं," सूनबाई म्हणाली. तिची नजर लॅपटॉपवर होती. मग मला म्हणाली, "पहिल्या वेळीपण?"

मी मान हलवली.

"परीक्षेच्या आधी? सगळे दिवस?"

"सगळे नाही."

"मग कुठले?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. ती वर गेली आणि यंत्रं बंद केली. पंखे थांबले. घरात एकदम शांत झालं. मग ती खाली आली, पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. मला भाजी वाढताना रोजच्याइतकीच वाढली. मुलाने दोनदा विचारलं काय झालंय. कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. राग चेहऱ्यावर नव्हता. कामाला बसल्यासारखी बसली होती. एकेक बिघाड आठवून विचारायला लागली. "तो अडसराचा नियम, पलीकडच्या ऑफिसाचा. तो मी काढला की तुम्ही?" "तू," मी म्हणालो. "नक्की?" नक्की नव्हतं. "ती दोन राउटरांची ओळख?" आठवत नाही. "टायमर वाढवला होता तो?" "तो मी." "आणि ते तोंड चुकीच्या गटात टाकलं होतं तो?" आठवत नाही. अशी ती विचारत गेली आणि मी आठवत नाही म्हणत गेलो. शेवटी ती थांबली. म्हणाली, "बाबा, मी नापास झाले त्याचं एवढं नाही. पण मला काय येतं आणि काय येत नाही, हेच आता मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. कोणालाच नाही."

यावर माफी मागून काय होणार होतं? तरी मागितली. तिने ऐकून घेतली.

मग म्हणाली, "जामखेडला माझ्या आईला फोन लावा. मी गांगरते हे तुम्ही सांगितलंत ना? तुम्हीच सांगा."

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि विहीणबाईंना सगळं सांगितलं.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "म्हंजी पोरगी नापास झाली न्हाई. तुमी केली."

"हो."

"आन वर मलाच सांगितलं ती भित्री हाय. आन म्या बी व्हय म्हनले." मग म्हणाल्या, "भूक लागली हुती तर दोन केळी खायची हुती की वो."

सूनबाईला पलीकडचं ऐकू येत होतं. ती तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागली. हसली असावी, मला दिसलं नाही.

"आता सैपाक कोन करनार तिकडं?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी करीन."

"करा. पोळ्या गोल येत्यात का?"

"नाही येत."

"येतील. नापास झालं तरी करत ऱ्हावा."

त्यानंतरचा सराव माझ्या हाताखाली झालेला नाही. मोडतोड करण्याचं काम तिने पुण्याच्या एका सहकारी मुलीवर सोपवलं. ती तिकडून दुपारी यंत्रांत शिरायची, बिघाड घालायची आणि बाहेर पडायची. माझ्या लॅपटॉपवरचा प्रवेश सूनबाईने बंद केला. न सांगता नाही, मला समोर बसवून केला. मी विचारलं, "मग मी काय करू?" ती म्हणाली, "पोळ्या झाल्यावर वर येऊन बसा. मी कशालाही हात लावायच्या आधी मला विचारायचं, का? दुसरं काही बोलायचं नाही."

तेवढंच माझं काम उरलं. ती म्हणायची, "हे तोंड बंद करून बघते." मी म्हणायचो, "का?" तिला उत्तर देता आलं तर करायची. नाही आलं तर हात मागे घ्यायची आणि पुन्हा नुसतं बघायला लागायची. तक्रार दोनदा वाचायची. कुठून कुठपर्यंत पोचतंय ते आधी ठरवायचं. मग अर्ध्यात जायचं. एका वेळी एकच बदल, आणि त्याने फरक पडला नाही तर तो परत जसाच्या तसा करायचा, मगच दुसरा. काही संध्याकाळी माझं "का" ऐकून ती वैतागायची. "बाबा, जरा दम खा!" एकदा मी "का" म्हणायच्या ऐवजी बोट दाखवायला गेलो, तर नुसती बघत राहिली. मी बोट मिटलं.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. काही बिघाड सापडायचेच नाहीत. ठरवलेली वेळ झाली की ती उठायची आणि जाळं तसंच मोडकं ठेवून खाली यायची. वर लाल दिवा लुकलुकत असायचा आणि आम्ही जेवायचो. पहिले काही दिवस जेवताना माझी नजर सारखी जिन्याकडे जायची. तिला मात्र ते जमायला लागलं. "सापडला नाही म्हणजे सापडला नाही," ती म्हणायची. "उद्या पुण्याहून ती सांगेल काय होतं ते. आज मला एवढं कळलं की हा मला येत नाही." हे वाक्य ती ज्या समाधानाने बोलायची ते मला आधी समजायचं नाही. तिला काय येतं आणि काय नाही, हे तिला परत मिळत होतं.

पुढे ती एकटीच बंगळूरला गेली. पास झाली. आता दिवसाच्या कामावर आहे, पहाटेचा गजर बंद झालाय. बातमी नात्यात गेली, कॉलनीत गेली, आणि तोवर तिची गोष्ट माझी कशी झाली ते कळलं नाही. सासऱ्याने शिकवलं. विहीणबाई सोडून कोणी दुसरं काही म्हणालं नाही. सत्काराच्या दिवशी घरी परतताना मी सूनबाईला म्हणालो, "मी सांगितलं होतं खरं. हसले ते." ती स्कूटर चालवत होती, मी मागे शाल सांभाळत बसलो होतो. म्हणाली, "हसतील नाहीतर काय. तुम्ही एक वाक्य बोललात. नीट लिहा."

लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. ती वरच्या खोलीत खुर्चीत पाय वर घेऊन वाचत होती, मी दारात उभा होतो. पोळ्यांच्या भागापाशी तिने एकदा वर बघितलं, बाकी चेहरा हलला नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "ठीक आहे. एक घाला अजून."

"काय?"

"दुसऱ्या खेपेला दोन तक्रारी माझ्याकडून सुटल्या नाहीत. वेळ दिला तेवढा दिला आणि तशाच सोडून पुढे गेले. त्या सोडल्या म्हणून बाकीचं झालं. नाहीतर लोक म्हणतील सगळं आलं हिला."

मी घालतो म्हणालो. मग राहवलं नाही. विचारलं, "कुठल्या दोन? काय होतं त्यात?"

"परीक्षेतलं बाहेर सांगायचं नसतं बाबा. कबूल केलंय तसं."

"मला तरी सांग. मी कोणाला सांगणार आहे?"

"का?" ती म्हणाली.

मी दाराच्या चौकटीवरचा हात मागे घेतला. ती पडद्याकडे वळली आणि कामाला लागली.